तांबड्या फितीची खीळ

सकाळी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या माळावरून फुगा सुटला, तेव्हा मर्ल थर्मासमधला चहा ओतत होती. फुग्याखाली तिच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, बनवलेलं यंत्र होतं. क्लाइव्ह हिवाळ्यातच गेला. आज ठोका ऐकू आला नाही, तर प्रयोगाचे प्रमुख प्रोफेसर ते यंत्र भंगारात काढणार होते.

ठोका एका मेलेल्या ताऱ्याचा. तो थोरल्या जोडीदाराभोवती फिरतो, आणि स्वतःभोवती गरगरताना दर गिरकीला क्ष-किरणांचा झोत टाकतो. पत्र्याच्या खोलीतल्या स्पीकरवर त्याची टकटक उमटायची.

ती आली. टक… टक…

"आला गं तुझा म्हातारा!" क्लाइव्हचा जुना मदतनीस टेरी ओरडला आणि त्याने जीभ चावली.

मर्लला काहीच वाटलं नाही. हिवाळ्यापासून वाटतच नव्हतं.

दुपारी तारा जोडीदाराआड गेला. आता टकटक थांबायला हवी होती. थांबली नाही.

"गणित चुकलं असेल," टेरी हळूच म्हणाला. फुगा डोंगरापलीकडे जाण्याआधी त्याने इथूनच रेडिओच्या इशाऱ्याने दोर तोडला आणि हवाई छत्रीने उतरलेलं यंत्र आणायला जीप काढली.

मर्ल एकटी उरली. पत्रा तापून तडतडत होता. तापल्या धुळीचा वास येत होता. यंत्र केव्हाच जमिनीला टेकलं होतं, तरी टक… टक… मध्येच एक ठोका चुकायचा. तो तसा चुकताना तिने वर्षानुवर्षं ऐकला होता, क्लाइव्हच्या छातीवर डोकं ठेवून.

वायरलेस खरखरला. टेरी यंत्रापाशी पोचला होता.

"मर्ल… खीळ आतच आहे."

तांबड्या फितीची खीळ. ती उपसल्याशिवाय यंत्राला वीज मिळत नसे. उपसायचं काम नेहमी क्लाइव्हचं. आज सकाळी प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने उपसली.

"म्हणजे यंत्र सुरूच नव्हतं. मग आपण दिवसभर ऐकलं काय, बाई?… आणि यंत्राचा डबा उबदार आहे. एवढ्या उंचावरून गारठून यायला हवा." टेरीचा आवाज आणखी खाली गेला. "मागून प्रोफेसरांची गाडी येतेय. खीळ दिसली की संपलं सगळं. काढू?"

टक… टक…

"मर्ल?… लवकर सांग."

"काढ."

स्पीकर थांबला.

"अगं… हातातल्या हातात गार पडला डबा…"

मर्लने वायरलेस बंद केला. अजूनही तिला काही वाटत नव्हतं. तिने नुसता स्पीकरच्या जाळीला कान लावला.

जाळी कोमट होती.