डॉक्टरीणबाई

उल्हासनगरच्या कॅम्पात आम्ही राहायला गेलो ते अण्णांच्या नोकरीमुळे. निर्वासितांच्या रेशन ऑफिसात ते कारकून होते. एका लांबलचक बराकीच्या टोकाची जागा आम्हाला मिळाली होती. लढाईच्या दिवसांत तिथे लष्कराचं इस्पितळ होतं म्हणे. बाकीची बराक गळकी म्हणून रिकामीच पडलेली. मध्ये आडोशाला एक गोणपाट टांगलेला.

मी तेव्हा इंटर सायन्सला होते. चांगले मार्क पडले तर मेडिकल, नाहीतर बदलापूरचं स्थळ, असं माईने स्पष्ट सांगून टाकलं होतं. मला ते स्थळ नको होतं. अगदी नकोच होतं! अण्णा मात्र लाडाने आत्तापासूनच "डॉक्टरीणबाई, चहा घ्या" म्हणायचे. ऐकून ऐकून सगळा कॅम्प तसंच म्हणू लागला. समोरची सिंधी आजी तर नळावर गुडघा पुढे करायची. "डॉक्टरनी, पहले मेरा नंबर, हां!"

दुपारी माई पाण्याला गेली की मी गोणपाटाजवळ चटई टाकून मोठ्याने पाठ करत बसे. एकदा अशीच बेडकाचं हृदय घोकत होते. बाहेर ऊन रणरणत होतं. पलीकडून फिनेलचा वास आला. मग कुणीतरी कण्हत कूस बदलल्यासारखा आवाज.

"डॉक्टरीणबाई..."

आवाज पुरुषाचा, दमलेला. कुणी मजूर सावलीला येऊन पडला असेल, असं मला वाटलं.

"काय हवंय?"

"जरा बघता का? ताप उतरंना..."

"अहो, मी अजून डॉक्टर नाही झाले. परीक्षा व्हायचीय."

"समदी तर म्हनत्यात..." थोडा वेळ नुसता श्वास. "बरं. थांबतो मग."

मी गोणपाट सारला. पलीकडे जमिनीवर जाड धूळ होती. तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

माईला सांगितलं असतं तर पुस्तकं दुसऱ्याच दिवशी माळ्यावर गेली असती. मी गप्प राहिले. त्यानंतर रोज दुपारी पलीकडे तो श्वास चालू असे. पाठ करताना मी अडखळले की तोही अडखळायचा. पेपर कोराच ठेवावा, असंही परीक्षेत एकदा मनात आलं. पण बदलापूर आठवलं आणि मी लिहीत सुटले.

मेडिकलला नंबर लागला. अण्णांनी कॅम्पभर पेढे वाटले. हॉस्टेलला निघायच्या आदल्या दुपारी मीच गोणपाटाजवळ गेले.

"मी पास झाले... पण डॉक्टर व्हायला अजून पाच वर्षं लागतील."

वाटलं, एवढं ऐकून तरी तो जाईल.

"चालंल," तो म्हणाला. मग त्याने तोंड दुसरीकडे वळवलं असावं. "पाच वर्सं म्हनत्यात..."

"पाच वर्सं," त्याच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"पाँच साल..." त्याच्याही पलीकडून.

निरोप असा एकाकडून दुसऱ्याकडे, हलक्या आवाजात, बराकीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. तिथे तो थांबेल असं मला वाटलं. तो भिंतीपलीकडे, पुढच्या बराकीत गेला. मग तिच्या पुढच्या. मला ऐकू येईनासं होईपर्यंत तो जातच होता.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. अण्णांनी दवाखान्यासाठी कॅम्पातच जागा बघून ठेवली आहे. इथे पेशंटची कधी वाण पडणार नाही, म्हणतात.