पुढच्या दांड्यातला धक्का

वृंदा शिरगावेनं गाडीची मागची सीट आणि गालिचे काढून कोपऱ्यात रचले. नुकतीच विकत घेतलेली ही बारा वर्षं जुनी लहान गाडी हौशी चालकांच्या शर्यतीत उतरवायची, तर आधी वजन कमी करायला हवं होतं. टायर आणि ब्रेक तिला दुसऱ्या एका शर्यतीच्या गाडीतून काढलेले स्वस्तात मिळाले होते. गाडी उलटलीच तर चालकाला वाचवणारा लोखंडी सुरक्षा-पिंजरा दस्तगीरमामा स्वतःच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करून देणार होते.

"पिंजरा जोडण्याआधी लोखंड कुठं थकलंय ते बघू," म्हणत मामांनी धातुवाचक उचलला. हातातल्या टॉर्चएवढं ते यंत्र आता गल्लोगल्लीच्या गॅरेजमध्ये आलं होतं. धक्का बसला की पोलादातल्या स्फटिकांची रचना सरकते आणि पुढं वर्षानुवर्षं संथपणे सैलावत जाते. त्यावरून धक्का किती जोराचा, कशाचा आणि किती जुना, हे यंत्र सांगे.

गाडीच्या सांगाड्याच्या पुढच्या उजव्या दांड्यावर मामांचा हात थांबला.

"चार वर्षांपूर्वीचा धक्का आहे. वेग साठच्या आसपास. समोरचं काहीतरी मऊ, वजन वीस-बावीस किलो."

"कुत्रं असेल," वृंदा म्हणाली.

"असेल. पण जोरात ब्रेक लागला की दांड्यावर ताण येतो, त्याची खूण नाही. आधी नाही, नंतरही नाही."

शर्यत रविवारी होती. दांडा कापून नवा बसवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. वृंदानं ग्राइंडर सुरू केला, क्षणभर तसाच धरला आणि बंद केला.

तिला गाडी विकणारे आप्पासाहेब मगदूम निवृत्त शिक्षक होते. ती त्यांच्या घरी गेली. तिचं बोलणं त्यांनी उभ्यानंच ऐकलं.

"तेव्हा गाडी आमचा धाकटा चालवायचा. एकदा दिवा फोडून आला. डुक्कर आडवं आलं म्हणाला." ते दाराकडं वळले. "त्याच आठवड्यात हायवेवर गाडीच्या धडकेत एक मुलगी गेली होती. सहा वर्षांची. पेपरात वाचलं होतं मी."

"आप्पा, तुम्ही त्याला विचारलं नाहीत?"

"नाही." त्यांनी चपला घातल्या. "चल, मी येतो तुझ्याबरोबर."

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जमा झाली. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं कबुली दिली. रविवारी वृंदा घरीच बसली.

बातमी पसरली. पुढच्या आठवड्यात मामांच्या गॅरेजवर तीन गाड्या आल्या. तिन्ही धडधाकट. तिन्ही मालकांचं म्हणणं एकच: पुढचा दांडा बदलून द्या, यंत्र लावू नका.

मामांनी धातुवाचक वृंदापुढं ठेवला.

"गिऱ्हाईक नको म्हणतंय," ते म्हणाले. "सांग, लावू की नको?"