मागच्या सीटवरचं वजन

चिमणीची उंची बेताचीच. भावांनी माहेरी ठेवलेलं ते नाव लग्नानंतर नवऱ्यानेही उचललं आणि हळूहळू तिच्या पेशंटांच्या घरापर्यंत पोचलं. ती फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे नि खांदे मोकळे करायची. फिरायला सोयीची म्हणून तिने एक वापरलेली, पण दणकट मोटारसायकल घेतली, तेव्हा नवऱ्याचं तोंड वाकडं झालं. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासणं हे त्याचं काम. त्याला सगळे सर्व्हेअरच म्हणत. चेपलेल्या टाक्या आणि वाकलेली हँडलं बघून बघून दुचाकीवरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

"पाय टेकत नाहीत तुझे. सिग्नलला कलंडलीस तर?"

"मग टेकतील इतकी खाली घेऊ तिला," चिमणी म्हणाली.

गॅरेजवाल्या मेस्त्रीने मागच्या शॉकअपच्या पट्ट्या बदलल्या, पुढच्या चाकाचा चिमटाही तेवढाच खाली घेतला आणि साइड स्टँड कापून आखूड केला.

"नुसतं मागून खाली घेतलं ना ताई, तर पुढचं चाक हलकं होतं. मग वळणावर गाडी ऐकत नाही," तो म्हणाला. "म्हणून दोन्हीकडून सारखं. पण आता पोट जमिनीच्या जवळ आलंय. गतिरोधकावर सांभाळून जा, आणि मागे जड माणूस बसवू नका."

"मागे कोण बसणार? हे तर हातसुद्धा लावत नाहीत," चिमणी हसून म्हणाली.

सुरुवातीचे काही दिवस झकास गेले. दोन्ही पाय टेकत असल्यामुळे चिमणी अगदी ऐटीत फिरत होती. मग एका संध्याकाळी सर्व्हेअर सहज म्हणून पार्किंगमध्ये वाकला, आणि वाकलेलाच राहिला. गाडीच्या पोटाला ताजे ओरखडे होते. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासून काळा पट्टा उठला होता. मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडलेले होते.

असल्या खुणा वाचण्याचाच तो पगार घेत होता. एकट्या चिमणीच्या वजनाने मागचं चाक इतकं वर येणं शक्य नव्हतं.

"आज कोणाला सोडलंस का कुठे?" त्याने जेवताना विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं त्याला वाटलं. त्याने जाऊन फूटरेस्ट मिटवून ठेवले. दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा उघडे होते. त्या दिवसापासून तिचा फोन वाजला की त्याचे कान टवकारायचे. ती उशिरा आली की तो खिडकीत उभा असायचा. ती एकटीच यायची.

न राहवून तो गाडी ढकलत मेस्त्रीकडे गेला. मेस्त्रीने गाडी स्टँडवर चढवून सगळं तपासलं. पट्ट्या घट्ट, स्प्रिंग शाबूत. मग हात पुसत, नजर चुकवत तो म्हणाला, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. ताई रोज कुणालातरी मागे बसवतात. चांगलं भारी माणूस आहे."

सर्व्हेअरने गाडी परत आणली. त्याने चिमणीला काही सांगितलं नाही.

एका दुपारी तो तिच्या पेशंटच्या गल्लीत, कोपऱ्याआड कार लावून बसला. रस्ता ऊन खात पडला होता. चिमणी बाहेर आली, एकटीच. मागचे फूटरेस्ट उघडे दिसल्यावर तिने वैतागून पायाने ते मिटवले. हेल्मेट चढवून ती सीटवर बसली. गाडी तिच्या वजनाने थोडी दबली.

मग आणखी एकदा दबली. आधीपेक्षा कितीतरी जास्त.

सर्व्हेअरने काच पुसली. चिमणीच्या मागे कोणी नव्हतं. मात्र फूटरेस्ट पुन्हा उघडले होते.

ती निघाली. त्याने अंतर राखून कार मागे घातली. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं. ती हळू होती, तरीही. मागची सीट खाली बसली होती आणि हँडल वर उचललं गेलं होतं. मागून दबलेल्या गाडीचं तोंड असं वर होतं, हे त्याने कैक अहवालांत लिहिलं होतं. पुढचं चाक हलकं होतं, हेही.

पुलाखालच्या वळणावर चिमणीने गाडी कलती केली, पण गाडी वळलीच नाही. ती सरळ बाहेरच्या बाजूला ओढली गेली. समोरून टेम्पो येत होता. हॉर्नचा ठणाणा झाला. फूटरेस्ट डांबराला घासून ठिणग्या उडाल्या आणि टेम्पो तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला.

गाडी कडेच्या मातीत थांबली. तो धावत तिथे पोचला.

"तू माझा पाठलाग करतोयस?" तिने हेल्मेट काढलं. "मला वाटलंच. तूच काहीतरी केलंयस ना गाडीला? मी चालवू नये म्हणून?"

"मी? अगं, मला वाटत होतं, तू..."

"मी काय?"

तिच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती. एवढे दिवस आपल्यासारखीच तीही मनात गाठ बांधून झोपत होती, हे त्याला आत्ता कळलं.

"बोल ना. मी काय?"

"उतरू नकोस. बसून राहा," तो म्हणाला. "मला एक बघायचंय."

तिने दोन्ही पाय मातीत रोवले. त्याने तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मागे बसला.

गाडी दबायला हवी होती.

ती वर आली.

अगदी सावकाश. कोणीतरी जागा करून द्यावी, तशी.

चिमणी श्वास रोखून पुढेच बघत होती. "तू बसलास?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मग वर कशी आली?"

त्याने हात मागे नेऊन चाचपलं. सीट त्याच्या पाठीमागच्या टोकाला ऊबदार होती. दोघं एकदमच उतरले.

मेस्त्रीने टेम्पो पाठवून गाडी उचलून नेली. दोघं कारने त्याच्या मागोमाग गॅरेजमध्ये गेले. मेस्त्रीने रिकाम्या सीटवर तळहात टेकवून अंगाचा भार दिला आणि सोडला. गाडी टणकन वर आली. त्याने पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

"आता काही नाही हिच्यात," तो म्हणाला. "अगदी हलकी झालीय."

"ठेवा तुमच्याकडेच," सर्व्हेअर म्हणाला. "मिळेल त्या भावात विका."

मेस्त्रीने किल्ली खिशात टाकली.

घराकडे येताना चिमणीने त्याचा हात धरला. "तुला काय वाटत होतं, ते कळलं मला," ती म्हणाली.

"चुकलो."

"मीही काही कमी नाही. रोज सकाळी तुझ्या नखांत ग्रीस आहे का ते बघायचे."

त्यावर दोघांनाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. इमारतीत शिरेपर्यंत चिमणीचा चेहरा निवळला होता. उद्यापासून बसने जाईन, आणि पुढच्या महिन्यात बुटकीशी स्कूटर बघू, असं तिचं चाललं होतं.

लिफ्ट खालीच उभी होती. चिमणी आत शिरली, तशी जुनी लिफ्ट नेहमीसारखी किंचित खचली. मागून तो शिरला, तेव्हा आणखी किंचित. त्याने बटण दाबलं. दार सरकू लागलं आणि मध्येच अडून पुन्हा उघडलं. बाहेरचा पॅसेज मोकळा होता.

चिमणी बोलता बोलता थांबली.

पायांखालची लिफ्ट पुन्हा खचली, या वेळी चांगलीच. मग दार लागलं.