रिकाम्या खोलीला दिलेली हाक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण "असं कुठे असतं का" म्हणत माझ्याशी वाद घालायला येऊ नका. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय.

आणि रात्री-बिरात्री नाही हं. भर दुपारी, बालवाडीत.

ताईला तिथे नवीनच नोकरी लागली होती. आमची ताई म्हणजे झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी. ती एक अख्खा वर्ग सांभाळणार म्हटल्यावर घरात सगळे पोट धरून हसले होते. सुरुवातीला तर तिचं डोकंच उठायचं. एकाची चड्डी ओली, दुसऱ्याचं नाक वाहतंय, तिसऱ्यानं खडू खाल्लेला.

त्यात एक पिटुकली होती. आई कामावर जाताना सोडून जायची आणि ही दाराला चिकटून रडत बसायची. कोणाशी बोलेना, काही खाईना. एके दिवशी तिनं आपणहून ताईचं बोट धरलं, आणि ताईचा जीवच जडला तिच्यावर.

"तिची आई माझ्या भरवशावर टाकून जाते गं," ताई मला म्हणायची. "हिला काही व्हायला नको."

बालवाडी स्वच्छ होती, नवा रंग दिलेली. मागे झोपायची खोली. जेवण झालं की मुलं तिथे गाद्यांवर झोपायची, आणि उठली की एक लांब दोरी धरून अंगणात जायची. दोरीला कड्या होत्या. प्रत्येकानं आपली कडी धरायची, टीचर सगळ्यात पुढे. म्हणजे कोणी भरकटत नाही.

तिथल्या मोठ्या बाईंनी ताईला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"झोपायच्या खोलीतून मुलांना नाव घेऊनच बोलवायचं. एकेकाला. 'चला सगळे', 'या रे राहिलेले', असलं काही म्हणायचं नाही."

"का हो बाई?"

"सांगितलं तेवढं कर ना गं."

ताईला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हेका, दुसरं काय! तिनं मान डोलावली आणि विसरून गेली.

मग मोठ्या बाई आजारी पडल्या. त्या दुपारी ताई एकटीच. मुलं किरकिरत होती, दोघांची एकाच बुटावरून मारामारी चाललेली. कशीबशी सगळ्यांना दाराबाहेर काढून तिनं दिवा बंद केला, आणि घाईघाईत मागे वळून ओरडली...

"चला रे! कोणी राहिलं असेल तर या पटकन!"

खोली रिकामी होती. तिनं स्वतः पाहिलं होतं.

तरी कोपऱ्यातली एक गादी हलली...

झोपेतून कोणी उठून बसावं, तशी.

वारा असेल, म्हणून ताईनं दार ओढून घेतलं. खिडक्या बंद होत्या, हे तिला नंतर आठवलं.

अंगणात जाताना तिनं मागे पाहिलं. पिटुकली रांगेत शेवटी होती. तिच्या मागची कडी मोकळी होती, पण दोरीचं ते टोक खाली लोंबत नव्हतं...

ताठ होतं. मागून कोणीतरी धरल्यासारखं.

ताईनं दोरी ओढून पाहिली.

मागून कोणीतरी ती हलकेच परत ओढली.

मोठ्या बाई बऱ्या होऊन आल्यावर ताईनं त्यांना सगळं सांगितलं. बाई मटकन खाली बसल्या.

"बोलावलंस ना शेवटी! आता ते कोणाचा तरी हात धरणार."

"ते म्हणजे कोण?"

"मला काय माहीत गं! मी नवीन होते तेव्हा मलाही एवढंच सांगितलं होतं."

कोणाचा हात धरला, ते कळायला वेळ लागला नाही.

पिटुकलीचं रडणं थांबलं. ताईचं बोट धरणंही थांबलं. चालताना तिची एक मूठ कायम मिटलेली असायची. आणि दुपारी ती झोपली की उठता उठेना. रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त हलवावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, अशक्तपणा आहे.

आणि एका दुपारी ती उठलीच नाही.

ताईनं नाव घेतलं, हलवलं, गालावर पाणी मारलं. काही नाही. बाकीची मुलं बाईंबरोबर अंगणात गेलेली. खोलीत एकदम शांतता.

ताई तिच्या छातीवर कान ठेवून वाकली. श्वास चालू होता...

पण श्वास दोन होते. एक पिटुकलीचा. दुसरा अगदी जवळून, ताईच्या केसांत येणारा.

ताई म्हणते, मला पळून जायचं होतं. तेवढ्यात पिटुकली झोपेतच पुटपुटली.

"मी गेले तर ती एकटी राहील ना, टीचर..."

तिची मूठ बर्फासारखी गार पडली होती. उघडता उघडत नव्हती. बाहेर फाटक वाजलं. तिची आई न्यायला आली होती.

तेव्हा आमच्या त्या भित्र्या ताईनं काय करावं? आपलं बोट पुढे केलं.

"हिला सोड," ती रडतरडत म्हणाली. "माझं धर."

मूठ उघडली.

मग ताईच्या बोटाभोवती... हळूहळू... गारगार चिमुकली बोटं मिटली.

पिटुकली खडबडून जागी झाली आणि आईच्या नावानं तिनं भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं, असं ताई म्हणते.

पिटुकली आता मोठ्या शाळेत जाते. गुटगुटीत झालीय. ताई अजून त्याच बालवाडीत आहे.

फक्त रस्त्यानं जाताना ती डावा हात अंगापासून जरा लांब धरते. झोपेतही तो पलंगाबाहेर लोंबत असतो. आमच्या आईला वाटलं हात दुखतोय, म्हणून ती तेल चोळायला गेली, तर ताई केवढ्यानं ओरडली! खरं काय ते मला एकटीलाच माहीत आहे.

परवा आम्ही दोघी बाजारातून येत होतो. ताईचा हात नेहमीसारखा खाली नव्हता. कोपरात वाकवून वर धरलेला.

"ताई, हात असा का गं?"

ती माझ्याकडे न बघता चालत राहिली.

"ती वाढतेय," ती म्हणाली. "आता माझ्या खांद्याला लागते."

आम्ही एकाच खोलीत झोपतो. काल मी माझा पलंग ताईच्या पलंगापासून लांब, पार भिंतीला लावून घेतला.