गारवा कोणाचा?

नागपूरच्या वास्तु-ऊर्जा प्रयोगशाळेत मधोमध एक भिंत एकटीच उभी होती. तिला ना छप्पर होतं, ना दार. एका अंगाने तापदिव्यांची रांग तिच्यावर आग ओकत होती आणि दुसरं अंग गार ठेवणारा शीतक डॉ. इला भोयर यांनी नुकताच बंद केला होता. भिंतीला जोडलेला छोटा दिवा आधी लख्ख होता, मग पिवळा पडला आणि शेवटी विझला.

"बघा, ऊन तेवढंच आहे आणि भिंतही तीच आहे," इला म्हणाल्या. "पण वीज गेली."

समोर उभे असलेले डॉ. नंदकिशोर उमाठे हसले. घरमालक दिगंबर देशकर यांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून तेच आले होते आणि इला आणि ते एकाच महाविद्यालयात शिकलेले असल्याने भांडायला संकोच नव्हता.

"हे मला माहीत नाही का? तापभेदी गिलावा तापावर चालत नाही, तापाच्या फरकावर चालतो. बाहेरची उष्णता गार बाजूकडे सरकते आणि सरकता सरकता गिलाव्यातल्या कणांतून वीज देऊन जाते. पाणचक्कीसारखं आहे ते. नुसतं पाणी असून भागत नाही, ते उंचावरून खाली पडायला लागतं."

"मग खालची पातळी कोण खाली ठेवतं, एवढंच मला न्यायपीठाला सांगायचं आहे."

"इला, गिलावा देशकरांच्या पैशाने लागला. भिंत त्यांची, छप्पर त्यांचं. तू आता गारव्यालाही मालक शोधणार?"

"हो," इला म्हणाल्या, "शोधणार."

वाद साधा होता. माणसांनी तो अवघड करून ठेवला होता. वीजनिवड कायदा सांगत होता की घर कोणाचंही असो, वीज जो वापरतो तोच पुरवठादार निवडेल. घरमालकाची परवानगी लागणार नाही. कायदे करणाऱ्यांची एक सवय असते, समोरचं दार उघडं ठेवलं की मागे एक फट ठेवायची. इथली फट अशी होती: वीज त्याच वास्तूत तयार होत असेल, तर तिचा निर्माता हाच त्या घराचा पुरवठादार, आणि ती वीज कोणाला द्यायची हे तोच ठरवणार.

दिगंबर देशकर वरच्या मजल्यावर राहत. खालच्या मजल्यावर भाड्याने ऋजुता पौनीकर आणि तिचे वडील मोरेश्वर. देशकरांनी सगळ्या घराच्या विजेचा करार 'सूर्यकवच' कंपनीशी केला होता. भिंतींची वीज कंपनीच्या जाळ्यात जाई आणि कंपनी घराला वीज पुरवी. पण उन्हाळ्यात भर दुपारी, शहराची मागणी टोकाला गेली की, कंपनी वीज तोडत असे आणि भाडेकरूंचा मजला बंद पडत असे. याला तिने 'दुपारखंड' असं गोंडस नाव दिलं होतं. मोरेश्वररावांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. त्यांना दिवसभर प्राणवायू-यंत्र लागे आणि यंत्राला वीज लागे. ते जेमतेम साठीचे होते.

वैशाखातल्या एका दुपारी ऋजुता अचानक घरी आली, तेव्हा वडिलांचे ओठ निळे पडले होते. यंत्र बंद होतं, त्याची घटमाला, म्हणजे बॅटरी, संपली होती. तिने त्यांना शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि ते वाचल्यावर तिथल्याच बाकावर बसून 'अखंड' या दुसऱ्या पुरवठादाराकडे अर्ज केला. रुग्णाच्या घरची वीज दुपारी न तोडण्याची हमी फक्त तेच देत होते. देशकरांनी लगेच हरकत घेतली.

"काकाजी, मी तुमच्या भिंतीला खिळासुद्धा मारून नाही राहिली," ती जिन्यात त्यांना म्हणाली होती. "फक्त वीज बदलून राहिली. तो माझा हक्क आहे."

"हक्क बनवणाऱ्याचा, वापरणाऱ्याचा नाही," देशकर म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता, पण एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणणार नाही, अशातला. "वीज माझी भिंत बनवते न? मग निर्माता मी. तुले नसेल पटत, तर दुसरं घर पाहा."

दुसरं घर पाहण्यात अर्थ नव्हता. शहरात आता तापभेदी गिलाव्याशिवाय घर उरलं नव्हतं, आणि प्रत्येक घराला एक देशकर होताच. म्हणून ती न्यायपीठात गेली. न्यायपीठाने निर्माता कोण ते ठरवण्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल मागवला.

पहिल्या सुनावणीत इलांनी पाणचक्कीचा दाखला दिला, तेव्हा देशकर उठून उभे राहिले.

"हे प्रयोगशाळेतले खेळ राहू द्या," ते म्हणाले. "माझं घर एक दिवस रिकामं करा. खाली कोणी नको. वीज माझी भिंत बनवते की हे लोक, मोजून पाहा. हातच्या कांकणाले आरसा कायले?"

उमाठेंनी त्यांची बाही ओढली, पण शब्द तोंडातून गेले होते. पीठासीन अधिकारी बाईंनी ते मान्य केलं.

ऋजुताला मात्र हे मान्य नव्हतं. भर उन्हाळ्यात वडिलांना दिवसभर घराबाहेर काढायचं, म्हणजे जिवाशी खेळ. "बाबा, नाही म्हणू आपण," ती म्हणाली. "दुसरा काही रस्ता काढू."

मोरेश्वरराव खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर तांब्याने पाणी मारत होते. पाण्याची नळी लावून दिली होती, पण त्यांना तांब्याच आवडे. वरून धार सोडायची, मग मधल्या सुक्या जागा हेरून तिथे हबका मारायचा. बाहेरची भाजणारी लू ओल्या वाळ्यातून आत येई ती गार होऊन, सुगंध घेऊन. ही हवा छातीला मानवते, असं ते म्हणत. ते दम घ्यायला खुर्चीवर टेकले.

"रोज दुपारी मरून पाहण्यापेक्षा एक दिवस फिरून येऊ न," ते म्हणाले. "चाल. ठरलं ते ठरलं."

ठरल्या दिवशी इलांनी मोरेश्वररावांसाठी प्रयोगशाळेतच आरामखुर्ची मांडली आणि यंत्र सरळ प्रयोगशाळेच्या वाहिनीला जोडलं. समोरच्या पडद्यावर देशकरांच्या घरातल्या मापकांचे आलेख उमटत होते. खालच्या मजल्याचा एक, वरच्याचा एक. देशकर स्वतः वर, दारंखिडक्या लावून, एसीत बसले होते.

सकाळी खालच्या मजल्याची रेघ उंच होती. रात्रीच्या ओलीचा गारवा अजून घरात होता. मग ताट्या सुकल्या. उघड्या खिडक्यांतून लू सरळ आत शिरली, आत-बाहेरचा फरक कमी होत गेला आणि रेघ खाली उतरत गेली. ऊन जसं चढलं तशी वीज घटली. बाहेर आग बरसत होती, आणि खालच्या भिंती काहीच देत नव्हत्या.

"वरच्या भिंती देत आहेत," उमाठे म्हणाले. "एसीमुळे आत गार आहे."

"देतात त्याच्या कितीतरी पट एसी खातो," इला म्हणाल्या. "नंदकिशोर, वीज जाळून गारवा केला आणि गारव्यातून वीज काढली, तर हातात तूटच येणार. हे तर आपण पहिल्या वर्षाला शिकलो. ओल्या वाळ्याचं तसं नाही. पाणी सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं, त्याला वीज लागत नाही. पाणी लागतं, आणि ते मारणारा हात लागतो."

उमाठे उत्तर देणार, इतक्यात त्यांच्या फोनवर देशकरांचा चेहरा उगवला. घामाने डबडबलेला.

"उमाठे साहेब, एसी बंद पडला न! दुपारखंड सुरू झाला म्हणते कंपनी. माझ्याकडे कधीच नाही होत असं. दरवर्षी चालतो माझा एसी दुपारी!"

उमाठेंनी फोन खाली ठेवला. त्यांनी पडद्यावरच्या दोन्ही रेघा ताडून पाहिल्या. ते देशकरांचे तज्ज्ञ होते, पण आधी तज्ज्ञ होते.

"कंपनी दुपारी सगळं घरच तोडत होती," ते सावकाश म्हणाले. "घराची स्वतःची वीज तेवढी मालकाच्या वाहिनीवर वळत होती. म्हणजे दुपारी वरचा एसी खालच्या भिंतींवर चालत होता."

ऋजुता ताडकन उभी राहिली. "म्हणजे गारवा आमचा, वीज आमच्या गारव्याची, आणि यंत्र बंद पडत होतं तेही आमचंच? आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते!"

मोरेश्वररावांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

दुसऱ्या सुनावणीत उमाठेंनीच अहवाल वाचला. इलांना एक शब्दही जोडावा लागला नाही. पीठासीन अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "ऊन कोणाच्याही मालकीचं नाही. भिंत देशकरांची आहे, पण नुसती भिंत वीज देत नाही, हे त्यांनीच मागितलेल्या चाचणीत दिसलं. फरक जो राखतो, तो निर्माता. म्हणजे या घराच्या विजेच्या निर्मात्या ऋजुता पौनीकर..."

"नाही, मॅडम." ऋजुता उठली होती. इलांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. जिंकलेला दावा ही मुलगी हातचा घालवते की काय! "मी सकाळी कामावर जाते, दिवेलागणीला येते. दुपारी ताट्यांवर पाणी मी नाही मारत. खोटं नाव मला लावून घ्यायचं नाही. ते काम बाबा करतात."

"करारात म्हाताऱ्याचं नावच नाही!" देशकर ओरडले. "तो कसा काय निर्माता? तो तर नुसता वीज खाणारा!"

"देशकर," बाई म्हणाल्या, "करारात नाव कोणाचं, असं हे कलम विचारत नाही. वीज कोण तयार करतं, एवढंच विचारतं. ते कलम तुम्हीच पुढे केलंत. आता ते पूर्ण वाचू. निर्माता हाच त्या घराचा पुरवठादार. घराचा, नुसत्या खालच्या मजल्याचा नाही. तेव्हा तुमच्या घराचे पुरवठादार मोरेश्वर पौनीकर. सूर्यकवचशी तुम्ही केलेला करार जी वीज तुमची नव्हती तिचा होता, म्हणून तो रद्द."

मोरेश्वरराव यंत्राची नळी सावरत गोंधळून लेकीकडे पाहत होते. दुखण्याने माणूस घरात पडला की तो हळूहळू स्वतःलाच ओझं समजायला लागतो. त्यांचंही तसंच झालं होतं. आपल्या तांब्यावर सगळं घर चाललं होतं, हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"आता तुमचं," बाई देशकरांकडे वळल्या. "तुम्ही वीज वापरता. पौनीकरांची हरकत नसेल, तर पुरवठादार निवडायचा हक्क तुम्हालाही आहे. अखंड फक्त रुग्णाच्या घरी दुपारची हमी देतं. बाकीच्या कंपन्यांकडे गेलात, तर दुपारखंड आहे. कोणाला निवडता?"

देशकरांनी कोट सैल केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खालच्या मजल्यावरच्या माणसाला काही मागायचं होतं, आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं.

"मोरेश्वर," ते शेवटी म्हणाले, "दुपारी... दुपारी देशील का मले?"

ऋजुताच्या ओठांवर उत्तर तयार होतं आणि ते गोड नव्हतं. पण मोरेश्वररावांनी हात वर केला. बोलण्याआधी त्यांनी नळीतून एक लांब श्वास घेतला.

"देईन न. आधी माझं यंत्र चालेल, मग उरेल ती सगळी वर," ते म्हणाले. "अन् दुपारी मी कोणाची लाइन तोडणार नाही, दिगंबर. तुटली की कसं होते, ते मले माहीत आहे."

देशकरांनी मान खाली घातली. मोरेश्वररावांनी खुर्चीचा हात धरून उठायचा प्रयत्न केला आणि लेकीला म्हणाले, "चाल, रुजू. ऊन चढून राहिलं. ताट्या सुकल्या असतील."