भिंतीपलीकडची आंबील

"आंबील आधी झाडाला, मग आपल्याला. आणि शिंपताना हात आखडायचा नाही, नंदे." गावाकडच्या रंगनाथआजोबांचा आवाज राजनंदिनीच्या कानात होता आणि हातात बाग झाडायचा खराटा.

नाताळची सुट्टी लागली होती आणि उद्यावर येळवस आली होती. या अमावास्येला लातूरकडे सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, लक्ष्मी पुजतं, ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील पिकाभोवती शिंपडतं. पुण्यात वारज्याला शेत कुठून आणणार? म्हणून लातूरकडची मंडळी मुक्ताईंच्या पेरूच्या बागेत जमत. शेजारची नबील आणि शाइस्ता ही भावंडं दरवर्षी कोप बांधायला हजर असत, आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायला त्याहून आधी.

पण यंदा भिंतीकडची झाडं पिवळी पडली होती. मुक्ताईंनी मुलांना जवळ बोलावून सांगितलं, की रोग लागलाय, पसरायच्या आत सगळी बागच काढायची. परवा तोडणारे येणार. म्हणजे ही शेवटची येळवस.

राजनंदिनी दोघांना घेऊन त्या पिवळ्या झाडांकडे वळली. त्याच झाडांच्या बुंध्यांभोवती पांढरे ओघळ होते. मुक्ताई म्हणाल्या, "तुमच्याकडचंच कुणी पुण्यवान हाय. रोज आंबील घालून जातंय बिचारं."

राजनंदिनीने हात जोडले. नबील मात्र खाली बसून नखाने ओघळ खरवडू लागला.

"नंदे, तुमची आंबील वाळून दगड होते का गं?"

"काहीतरीच काय!"

"मग ही का झाली? आणि एक मुंगी फिरकत नाही. ताकाला मुंग्यांनी नावं ठेवलेली मी तरी पाहिली नाहीत."

शाइस्ताने तुकडा बोटांत चुरला. तिचे अब्बू रंगकाम करत. "ही पुट्टी आहे, भिंतीला लावायची. अब्बूंच्या पॅंटवर रोज असते, अम्मी रोज ओरडते."

तिघं उद्यासाठी बांधलेल्या कोपीत शिरून कडब्याच्या फटीतून पाहत राहिली. ऊन कलल्यावर भिंतीवर एक बादली आली, उपडी झाली आणि गेली. मागोमाग दुसरी. पलीकडे नव्या इमारतीचं काम चालू होतं.

नबील लगेच भांडायला निघाला. राजनंदिनीने त्याचा शर्ट धरला. भांडलं तर ते सरळ नाही म्हणतील, असं तिचं म्हणणं. त्यांच्याच तोंडून वदवायला हवं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर ती आंबिलीचा तांब्या घेऊन पलीकडे गेली आणि तिथल्या तेजस नावाच्या सुपरवायझरला अगदी नम्रपणे प्रसादाला बोलावून आली. तो आला, भज्जी-भाकरीला बसला. सगळी मोठी माणसं भोवती होती.

"दादा, भिंतीवरून झाडांना रोज आंबील तुम्हीच घालता ना?" राजनंदिनीने विचारलं. "केवढं पुण्य लागलं असेल तुम्हाला."

तेजस फुलला. "म्हणजे काय! मीच सांगतो पोरांना, रोज ओता म्हणून. देवाधर्माचं आपल्याला आवडतं."

शाइस्ताने पांढरा तुकडा त्याच्या पानात ठेवला. "घ्या ना मग. तुमच्याच हातची आहे."

तेजसचा घास हातातच राहिला. मुक्ताईंनी तो तुकडा उचलून पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे रोग नव्हताच?"

खाली मान घालून तेजसने कबूल केलं. पुट्टीच्या बादल्या धुवायला दुसरी जागा नव्हती, झाडांचं लक्षातच आलं नाही. तिथली माती काढून नवी टाकायचं त्याने कबूल केलं आणि दुपारीच माणसं लावली. मुक्ताईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. राजनंदिनीच्या आई म्हणाल्या, "पूजा आम्ही केली, पण झाडांकडे पाहिलं तुम्ही."

तोडणाऱ्यांना मुक्ताईंनी नको म्हणून कळवलं. तरी त्यांच्या मनात धाकधूक होतीच. "मुळं धरतील का गं?"

"मी रोज येईन, मुक्ताई. नवी पालवी दिसेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टीची सोसायटी अजून झोपेत होती. राजनंदिनीने दार हलकेच ओढून घेतलं, पाण्याने भरलेल्या बादलीची कडी वाजू नये म्हणून तिच्यात फडकं अडकवलं आणि ती बागेच्या वाटेला लागली.