शेजारचा श्वास

पद्मावती मगदूम प्रयोगशाळेत सलग साडेसात तास झोपल्या, तेच तंत्रज्ञ तृप्ती आवटीला खटकलं. अंगाला तारा लावल्या की लोकांची झोप बिघडते. या बाईंची सुधारली होती. घरी सात रात्री अंथरलेल्या निद्रापटावर त्यांची गाढ झोप रोज सत्तर वेळा तुटत होती. निद्रापट म्हणजे गादीखालचं पातळ कापड. श्वास, नाडी आणि हालचाल टिपणारं.

पद्मावती बाहेर नवऱ्याशेजारी, अण्णासाहेबांशेजारी, बसल्या होत्या. वर्षभर त्यांच्या पिठाच्या गिरणीत एकाचं दळण दुसऱ्याला जात होतं. डोकं साथ देत नसेल, तर गिरणी आजच विकायला काढायची होती. अण्णासाहेब सकाळी घरून आले ते कपाळ दाबतच. तरी, रात्री हिची कटकट नव्हती म्हणून झोप जास्त झाली, असं म्हणत होते.

गादीवर दोघं असले की यंत्र शेजाऱ्याची नोंद गाळतं. तशी सूचना तृप्तीनेच दिली होती. ती काढताच पडद्यावर दुसरा श्वास उमटला. तो मंदावायचा. थांबणार तोच पद्मावतींचा हात झोपेतच नवऱ्याकडे जायचा आणि श्वास पुन्हा नीट चालायचा.

पट अजून घरीच होता. तिने काल रात्रीची नोंद काढली. अण्णासाहेब एकटे. श्वास एकोणसाठ सेकंद बंद. पुढे एकदा शहात्तर.

तिने दोघांना आत बोलावून ते दाखवलं. दिवसभरातलं गाढ झोपेत मनात पक्कं होतं; ती झोपच तुटते, म्हणून बाई विसरतात, असं समजावलं.

"म्हणजे ही मला रात्रभर ढोसतीया?" अण्णासाहेब म्हणाले.

त्यांना विजेवर चालणारा, हवेचा दाब देणारा मास्क मिळाला. महिन्याभरात श्वास एकदाही थांबला नाही. पद्मावतींचा हात मात्र सत्तर वेळा जातच होता, आणि गिरणीत दळणाच्या डब्यांची अदलाबदलही होत होती.

तृप्तीने पद्मावतींपुढे उपचाराचं संमतिपत्र ठेवलं. कपाळावर एक पट्टी, पंधरा रात्री. मेंदू हात टाकायची ती सवय विसरतो. कायमची.

"लाइट गेली तर, मॅडम?"

मास्कला बॅटरी आहे, तृप्ती म्हणाली.

पद्मावतींनी पेन उचललं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आणि झोपेत ह्यांनीच मास्क ओढून काढला तर?"